सोनूबाईचा वाटा

"फुंक," बायजा म्हणाली.

रतनने तिच्या नाकासमोर तोंड नेलं आणि मोठी फुंकर मारली. मशेरीचा वास आला. रात्रीच्या जवळ्यातला कांदा होता. दुसरं काही नव्हतं.

"हात दाव."

रतनने दोन्ही हात पुढे धरले. बायजाने डोळे बारीक करून बोटांची टोकं पाहिली. हलत नव्हती.

"चल आता. ऊन चढायच्या आत पोचू."

"आत्ये, तुझं हे नाक पोलिसात भरती कर. पगार तरी मिळंल."

"नाक घेतील गो. मागची म्हातारी कोण घेनार?"

दोघी हसत वाडीच्या उताराला लागल्या. वाडी कातकऱ्यांची, सतरा झोपड्यांची, तळ्याच्या डोंगराकडून खाडीकडे उतरणाऱ्या वाटेवरची. खाडीनाक्यावरची पोलीसचौकी तिथून तास-दीड तासाच्या चालीवर. दर सोमवारी दहा ते बाराच्या आत रतनने तिथे जाऊन हजेरी द्यायची, असं कोर्टाने जामीन देताना लिहिलं होतं. हा बारावा सोमवार. चौकीच्या वहीत आजची ओळ नीट पडली की मनाली घरी येणार होती.

मनाली रतनची पोर, सहा वर्षांची. चार महिन्यांपूर्वी रतनला पकडलं तेव्हा तिच्या डोक्यावर बारा लिटर गावठीचा कॅन होता. कॅनमधला काळा गूळ आणि नवसागर ज्या दुकानातून आला त्या दुकानदाराचं नाव कागदावर नव्हतं. कॅन ज्याच्या टेम्पोत चढणार होता त्याचंही नव्हतं. कागदावर होती ती फक्त मधली बाई, जी डोक्यावर ओझं घेऊन चालत होती. जामीन तिसऱ्या दिवशी मंजूर झाला, पण जामीनदाराला सातबारा लागतो, आणि आख्ख्या वाडीत कुणाच्या नावावर झोपडीखालची जमीनसुद्धा नाही. म्हणून बाहेरचा जामीनदार मिळेपर्यंत रतन एकेचाळीस दिवस आत राहिली. नवरा आधीच वीटभट्टीवर दारूने गेलेला. पोर सासूकडे, सोनूबाईकडे राहिली. सोनूबाई दिवसा पिऊन पडलेली सापडली आणि सरकारी माणसं पोरीला गाडीत घालून बालगृहात घेऊन गेली. बालकल्याण समितीने रतनला सांगितलं, बारा आठवडे चौकीकडून चांगल्या वर्तणुकीचा शेरा आण, मग बघू.

बायजाला हे सगळं नवं नव्हतं. तिने स्वतः वीस वर्षं भट्टी लावली, वीस वर्षं प्याली, दोनदा जेलात जाऊन आली. तिच्या आज्याच्या काळी कातकरी काथ करायचे. काथ बंद झाला, मग कोळसा केला. जंगल बंद झालं तेव्हा कोळसाही गेला. उरली ती वीट आणि दारू. एका पहाटे प्यालेल्या हाताने भट्टीवरचा हंडा उतरवताना तिने उकळतं रसायन सुनेच्या पायावर सांडलं. सून वाचली, पण माहेरी गेली ती परत आली नाही, आणि तिच्यामागून मुलगाही गेला. त्या दिवसापासून बायजाने थेंब घेतला नव्हता. त्याला आठ वर्षं झाली.

सोडायचं कसं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिने तिचं तिचं शोधलं होतं. तल्लफ आली की ती ओहोटीला खाडीत उतरायची. चिखलात गुडघाभर जाऊन चिंबोरीच्या, खाडीतल्या खेकड्याच्या, बिळात हात घालायचा. हात स्थिर असेल तर बोटं चिंबोरीच्या पाठीवरून मागे सरकतात आणि तिला उचलून आणतात. हात थरथरला तर ती डेंगा मारते, नांगीत बोट धरते आणि सोडत नाही. बायजाच्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर अजून पांढरे वण होते. पुढे ती वाडीतल्या आणि आसपासच्या बायांना खाडीत न्यायला लागली. आरोग्य केंद्राने ऐकलं, तेव्हा दर मंगळवारी अंगणवाडीची खोली दिली, थोडं मानधन दिलं आणि तिला एक नाव दिलं: मार्गदर्शक ताई. बायजाला ते नाव म्हणताना हसू यायचं, पण अंगणवाडीच्या भिंतीवर लावलेला तो कागद ती येता-जाता बोटाने पुसून घ्यायची. त्यावरचं तिचं नाव तिला वाचता यायचं. अंगणवाडीच्या कल्पिताने तिला पोरांच्या तक्त्यावर अक्षरं शिकवली होती, तीही वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी.

रतनला जेलातून आल्यावर तिने पहिल्याच दिवशी चिखलात उभं केलं होतं. पहिल्या आठवड्यात रतनची पाच बोटं फुटली. आता ती बायजापेक्षा जास्त चिंबोऱ्या काढायची.

"आत्ये," उतार संपता संपता रतन म्हणाली, "म्हातारी काल खूश झाली असंल ना गो?"

"झाली असंल. तिला काय, सगळी बाटली मिळाली."

सोनूबाई तेरा दिवसांपूर्वी गेली होती. जाण्याआधी तिने सुनेला जवळ बोलावून सांगितलं होतं, "माझ्या दिवसाला मला चहा पाजू नका. ती बायजा पाजील, तिचा भरवसा न्हाय." ती बोलली तेव्हा बायजा उशालाच बसली होती.

आणि बायजाचा विचार खरोखर चहाचाच होता. पण वाडीच्या रीतीने मेलेल्याचा वाटा ज्याचा त्याला द्यावा लागतो. जो जे खात होता, पीत होता, ते पानावर जातं. भिकू भगत तर भडकलाच. "जल्मभर प्यालेल्या बाईला मेल्यावर कोरा चहा? ती वाटंवरच बसून ऱ्हाईल, मंग नातीला घेऊन तुम्ही याल कुठल्या तोंडानं?" रतनचा चेहरा पडला. बायजाने रात्रभर विचार केला. पिणं सोडलं म्हणून मेलेल्या बाईचा वाटा मारायचा हक्क आपल्याला कुणी दिला, असं तिला वाटलं. पण वाडीतली गावठी रतनच्या घरात शिरू द्यायची नाही, हेही पक्कं. म्हणून रविवारी पहिल्या गाडीने ती माणगावला गेली आणि देशी दारूच्या सरकारमान्य दुकानासमोर रांगेत उभी राहिली.

आठ वर्षांनी तो वास नाकात शिरला आणि तिच्या तोंडाला पाणी सुटलं. तिला स्वतःची शरम वाटली. लक्ष दुसरीकडे लावायला म्हणून तिने भिंतीवरची पाटी वाचायला घेतली. एकेक अक्षर, बोट हवेत फिरवत.

"नव्वदची द्या," पाळी आल्यावर ती म्हणाली. "आणि परमिट द्या."

"कसलं परमिट?"

"पाटीवर लिव्हलंय न्हवं. परवान्याशिवाय मद्य मिळणार न्हाय म्हणून."

मागची सगळी रांग हसली. दुकानदारही हसला. "आजी, दुकान उघडल्यापासून ही पाटी आज पहिल्यांदा कुणी वाचली."

"मंग पुसून टाका. असंल तर द्या."

दुकानदाराने गल्ल्याखालून धूळ बसलेलं पुस्तक काढलं. तिचं नाव, वय, गाव, तारीख लिहून, शिक्का मारून एका दिवसाचा परवाना फाडून दिला. बाटली बायजाने दोन बोटांनी उचलली. गाडीत बसल्यावर तिने ती पदराच्या टोकात बांधून अंगापासून लांब धरली, ओला बोंबील धरावा तशी. परवान्याची चिठ्ठी मात्र तिने घडी करून चंचीत, सुपारीच्या शेजारी ठेवली. कायद्याने घेतलेली वस्तू आहे, कुणी विचारलंच तर दाखवू.

संध्याकाळी झोपडीमागे सागाच्या पानावर भात, सुकट आणि रतनने काढलेली चिंबोरी मांडली. भिकूने सोनूबाईला नाव घेऊन हाक मारली. रतनने बाटली उघडून पानावर धार धरली. वाटा दिल्यावर जे उरतं ते देणाऱ्याने प्यायचं, अशी रीत. मेलेला आणि जिता एका पंगतीला बसले, असं त्यातून होतं. सगळी वाडी रतनच्या हाताकडे बघत होती. रतनने बाटली उभी उलटी केली, बुडावर दोन थापा मारल्या आणि भिकूसमोर धरली.

"भिकूबाबा, म्हातारीनं सगळी घेतली. माझ्यासाठी ठेवलीच न्हाय."

भिकू खो खो हसत सुटला. "सोनी जित्तेपणीबी कुणाला ठेवायची न्हाय!"

तेरा दिवसांनी वाडी पहिल्यांदा हसली होती.

चौकीत दिनानाथ हवालदार टेबलाशी बसला होता. बायजा नेहमीप्रमाणे बाहेर व्हरांड्यात, चपला काढून, भिंतीला टेकली. आत बाकावर बसायला तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं. याच व्हरांड्यात ती एके काळी दर शनिवारी यायची. तेव्हा मागच्या दाराने यायची, आणि तेव्हा तिला बसायला मिळायचं, कारण डोक्यावर कॅन असायचा. 'साहेबांकडे पाहुणे आहेत' असा निरोप यायचा तो याच चौकीतून.

"काल कार्य होतं म्हणे तुझ्या घरी," दिनानाथ आत बोलत होता.

"व्हय साहेब. सासूचा दिवस केला."

"कातकऱ्यांचा दिवस. म्हणजे वाडी सगळी टाइट."

"मी न्हाय प्याले साहेब. वास घ्या."

"वास घ्यायला मी काय कुत्रा आहे?" दुसरा शिपाई हसला. दिनानाथने वही ओढली. "आज शेवटची ओळ आहे तुझी. उद्या समितीला जाणार. मग नीट विचारून लिहिलेलं बरं. घरात दारू होती का नव्हती? मेलेल्या सासूला साक्षी ठेवून बोल."

बाहेर बायजा उठून उभी राहिली. हा प्रश्न तिने धरलाच नव्हता. तिने दुकान शोधलं, परवाना घेतला, सगळ्यात लहान बाटली आणली, रतनचं तोंड हुंगलं, हात तपासले. पण खोटं कसं बोलायचं, हे तिने पोरीला शिकवलं नव्हतं. गूळ विकणारा दुकानदार पालीच्या गणपतीवर हात ठेवून नाही म्हणाला असता आणि वर प्रसाद घेऊन घरी गेला असता. रतनच्या सासूला कालच हाक मारून बोलावलं होतं. ती अजून दारात उभी होती. तिला साक्षी ठेवून रतन काय बोलणार?

"होती," रतन म्हणाली.

दिनानाथने पेनाचं टोपण काढलं. "शाबास. घरात दारू बाळगल्याची कबुली…"

"थांबा साहेब." बायजा उंबरा ओलांडून आत आली. चंची उघडून तिने चिठ्ठी टेबलावर ठेवली. "ती मी आणली. सरकारमान्य दुकानातून. माझ्या नावानं. हिचा तिच्याशी संबंध न्हाय."

दिनानाथने चिठ्ठी उलटसुलट केली. मग तो मोठ्याने वाचायला लागला, शिपायाला ऐकू जाईल असं. "बायजा हिलम. वय साठ. देशी मद्य, स्वतःच्या सेवनाकरिता." त्याने मान वर केली. "अरे वा! मार्गदर्शक ताई!"

"ती सोनूबाईला दिली, साहेब. पानावर. आमची रीत हाय."

"मेलेल्या बाईच्या नावाने परमिट निघत नाही, म्हातारे. हे परमिट तुझं, पिण्यासाठी. तू प्याली असशील तर कायद्यात बसतं. मी हिच्या नावापुढे काही लिहीत नाही. तू प्याली नसशील तर बाटली हिच्या घरात आणि हिच्या हातात. मग काय लिहायचं ते मी बघतो. लवकर बोल, मला बंदोबस्ताला जायचंय."

बायजाने त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याला सगळं माहीत होतं. कोण प्यालं, कोण नाही, कुणाच्या दुकानातून गूळ येतो, टेम्पो कोणत्या वारी नाक्यावर थांबतो, हे सगळं त्याला पाठ होतं. त्याला खरं नको होतं. त्याला रकान्यात बसणारं हवं होतं, आणि सोनूबाईचा वाटा बसेल असा रकाना सरकारने छापलेला नव्हता.

"मी प्याले," ती म्हणाली.

"आत्ये!" रतन ओरडली. "साहेब, खोटं बोलते ती! आठ वरसं झाली तिला, आख्ख्या वाडीला इचारा…"

"गप ऱ्हा गो."

"सगळी प्याली?" दिनानाथने विचारलं.

"सगळी. थेंब न्हाय ठेवला."

"म्हणजे आठ वर्षं नाटकच म्हणायचं की." त्याने चार ओळी लिहिल्या आणि शाईचं पॅड पुढे ढकललं. "अंगठा कर खाली."

"सही येते मला."

तिने पेन मुठीत धरलं. बायजा, मग थोडी जागा, मग हिलम. हिलमच्या वेलांटीला वेळ लागला. दिनानाथ घड्याळाकडे बघत राहिला. सही झाल्यावर तिने पेन सोडलं नाही.

"आता हिची वळ लिवा. माझ्यासमोर."

त्याने लिहिली. बायजाने वही आपल्याकडे फिरवली आणि ओळीखाली बोट ठेवलं. "व… र्त… णूक. स… मा… धान… कारक." तिने एकदा वाचलं, परत एकदा वाचलं, मग वही परत दिली.

परतीच्या वाटेवर रतन रडत होती. खाडीच्या पुलापर्यंत बायजा दोन पावलं पुढे चालली.

"तू कशाला खोटं बोललीस गो?" रतनने शेवटी विचारलं. "माझ्यापायी?"

"तू खरं बोललीस ना? एका दिवसात दोघींनी खरं बोलून भागलं असतं का?" बायजाने नाक शिंकरलं. "आणि रडू नको. मनाली आल्यावर रड. तवा मीबी रडेन."

वीस वर्षं बायजा जे खरं सांगत होती ते कधी कागदावर चढलं नव्हतं. गूळ कोण देतं, माल कोण नेतं, हप्ता कुठे जातो, दोन्ही वेळच्या अटकेत तिने नावं घेऊन सांगितलं होतं. लिहिणाऱ्याचं पेन तेवढ्यापुरतं थांबायचं. आयुष्यात पहिल्यांदा ती पोलिसासमोर खोटं बोलली आणि ते मात्र तीन दिवसांत चौकीतून आरोग्य केंद्रात आणि तिथून तालुक्याला पोचलं.

शुक्रवारी कल्पिता वाडीवर आली. आगऱ्यांची पोर, सरळ मनाची. ती बसेचना.

"मावशी, मला माहीत आहे तुम्ही नाही प्यायलात. मी तसं सांगितलं त्यांना. ते म्हणतात, सही आहे."

"हाय ना. माझीच हाय. तूच शिकवलीस."

कल्पिताने तोंड फिरवलं. "मानधन बंद होईल. मंगळवारसाठी पनवेलहून शिकलेली ताई येणार आहे. तुम्ही यायचं, पण…"

"पण काय?"

"बाकीच्या बायांबरोबर बसायचं. पेशंट म्हणून."

"चटई हाय का टाकायची?"

"आहे."

"मंग झालं."

मनाली पंधराव्या दिवशी आली. केस बारीक कापलेले, अंगात दुसऱ्याच कुणाचा तरी फ्रॉक. आईला तिने आधी 'मॅडम' म्हटलं. रतन तिला उचलून तशीच खाडीवर घेऊन गेली आणि चिखलात बसली. पोरीने आईच्या बोटांवरचे वण पाहिले, एकेक मोजले आणि विचारलं, "चावली?" मग ती आईला बिलगली. बायजा बोलल्याप्रमाणे बांधावर बसून रडली.

पुढच्या मंगळवारी पनवेलची अमिषा ताई अंगणवाडीत आली. गुणी होती, हसरी होती, लवकर निघून वेळेवर पोचली होती. भिंतीवरचा जुना कागद काढून तिने रंगीत तक्ता लावला. चटईवर नऊ बाया अर्धगोल बसल्या. बायजा शेवटची, दाराजवळ. मनाली आईजवळून सरकत सरकत येऊन तिच्या मांडीवर बसली होती.

"आज आपण एकमेकींना सांगू या, दारू सोडून प्रत्येकीला किती दिवस झाले," अमिषा ताई म्हणाली. "एक दिवस असला तरी लाजायचं नाही. तुमच्यापासून सुरू करू या, आजी. तुमचं नाव?"

"बायजा."

"किती दिवस झाले, बायजाआजी?"

रतनने तोंड उघडलं. बायजाने तिच्याकडे एकदाच पाहिलं आणि रतनचं तोंड मिटलं. ताईच्या मांडीवर फाइल उघडी होती. फाइलीत तो सोमवारचा कागद होता, आणि त्याच कागदाच्या जोरावर हे पोर मांडीवर बसलं होतं.

बायजाने सोनूबाईच्या दिवसाच्या त्या रविवारपासून मनातल्या मनात बोटांवर मोजलं.

"तेवीस," ती म्हणाली.

"तेवीस दिवस! छान! या वयात फार मोठी गोष्ट आहे ही. चला, आजींसाठी सगळ्याजणी टाळ्या."

एकाही बाईने हात वर केला नाही. आठही जणी चटईकडे बघत बसल्या. फक्त मनालीने टाळ्या वाजवल्या. ताईंनी सांगितलं की वाजवायच्या, एवढं ती बालगृहात शिकून आली होती. ती वाजवतच राहिली, थांबा म्हणेपर्यंत थांबायचं नाही अशा बेताने, बायजाच्या तोंडाकडे बघत.

बायजाने तिचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले आणि मांडीवर ठेवले. मग पदर सारखा करून तिने शेजारच्या बाईकडे मान वळवली. आता तिची पाळी होती.